गहाळ झालेली पाने आणि विमानाची किंमत

अमेरिकेत वापरलेल्या छोट्या विमानांच्या विक्रीच्या जाहिराती वाचताना एक वाक्यप्रकार वारंवार भेटतो. विमान कोणत्या साली बनले, आजवर किती तास उडाले, इंजिनचे ओव्हरहॉल होऊन किती तास झाले, रंग केव्हा दिला, आसने कशी आहेत, असे सर्व तपशील उत्साहाने दिल्यानंतर अगदी शेवटी, बहुधा एकाच ओळीत, सांगितलेले असते की सुरुवातीची लॉगबुके गहाळ झाली आहेत आणि किंमत त्यानुसार कमी ठेवली आहे. प्रस्तुत लेख या एका ओळीविरुद्ध आहे. या ओळीत दोन विधाने आहेत. पहिले घटनेविषयीचे: नोंदी उरलेल्या नाहीत. दुसरे व्यवहाराविषयीचे: न उरलेल्या नोंदींची भरपाई पैशाने झाली आहे. पहिले विधान खरे असू शकते. दुसरे कधीही खरे नसते, आणि तरीही खरेदीदार, विक्रेता, दलाल असे सगळेच ते खरे मानून चालतात.

साहित्यचर्चेच्या पानावर विमानाचे काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे, की हा प्रश्न मुळात वाचनाचा आहे. एक संहिता आहे. तिची काही पाने नाहीत. आणि उरलेल्या पानांवरून संपूर्ण वस्तूविषयी निर्णय घ्यायचा आहे. खंडित संहिता कशी वाचावी, रिकाम्या जागेचा अर्थ काय करावा, अनुमान आणि नोंद यांत भेद कसा राखावा, हे आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. फरक इतकाच की आपल्याकडे चुकीचा अर्थ लावल्यास फार तर एखादा शोधनिबंध वाया जातो.

आधी वस्तुस्थिती. सामान्य उत्पन्नाचा माणूस अमेरिकेत जे विमान विकत घेऊ शकतो, ते बहुधा वयस्कर असते. सेस्ना १७२ हे त्याचे ठळक उदाहरण. चार आसनांचे, एका इंजिनाचे हे विमान १९५५ मध्ये प्रथम उडाले, १९५६ मध्ये बाजारात आले आणि आजवर ४४,००० हून अधिक संख्येने बनले. जगात कोणत्याही दुसऱ्या विमानाचे इतके नग निघालेले नाहीत. १९८६ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले. अपघातांनंतरच्या भरपाईच्या दाव्यांचा बोजा हे त्याचे एक मोठे कारण सांगितले गेले. १९९४ च्या कायद्याने छोट्या विमानांच्या उत्पादकांवरील दाव्यांना अठरा वर्षांची मुदत घातली, आणि १९९६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. मधली दहा वर्षे कोरी गेल्यामुळे आणि नव्या विमानाची किंमत आवाक्याबाहेर गेल्यामुळे बाजारात फिरणारी पुष्कळ विमाने चाळीस, पन्नास, साठ वर्षांची आहेत. ती अनेक मालकांच्या हातून गेली आहेत. कोणी त्यांवर विद्यार्थ्यांना शिकवले, कोणी तेलवाहिन्यांच्या पाहणीसाठी ती जमिनीलगत उडवली, कोणी समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उघड्यावर बांधून ठेवली.

अशा विमानाला वयोमर्यादा नसते. दरवर्षीची तपासणी पार पडत असेल तर ते कायद्याने उडू शकते. म्हणून त्याचे पूर्वायुष्य सांगणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे लॉगबुक. साधारणतः विमानाचा सांगाडा, इंजिन आणि प्रॉपेलर यांच्या वेगवेगळ्या वह्या असतात. प्रत्येक नोंदीत केलेल्या कामाचे वर्णन, ते पुरे झाल्याची तारीख, करणाऱ्याची सही आणि त्याच्या परवान्याचा क्रमांक असावा लागतो. आपल्या हस्तलिखितांच्या शेवटी पुष्पिकेत लेखनिक आपले नाव, शक आणि स्थळ लिहून ठेवतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे: हे मी केले, अमुक दिवशी केले, जबाबदार मी.

आता विक्रेत्याचा पहिला युक्तिवाद. तो म्हणतो, कायद्याला जेवढे लागते तेवढे माझ्याकडे आहे. आणि हे ऐकून पुष्कळ खरेदीदार गप्प बसतात, कारण अमेरिकेचे नियम खरोखरच नेहमीच्या देखभालीच्या नोंदी एक वर्ष, किंवा ते काम पुन्हा होईपर्यंतच, जपायला सांगतात. १९६८ साली तेल केव्हा बदलले हे कायद्याला जाणून घ्यायचे नाही. परंतु त्याच नियमात दुसरी एक यादी आहे, आणि त्या यादीतल्या गोष्टी विमान विकताना नव्या मालकाच्या हाती द्याव्याच लागतात: सांगाड्याचे, इंजिनचे आणि प्रॉपेलरचे एकूण तास, ठरावीक आयुष्य असलेल्या भागांची सद्यस्थिती, सक्तीच्या सुरक्षा-आदेशांचे पालन झाले की नाही आणि ते कोणत्या पद्धतीने झाले, मोठ्या बदलांच्या अर्जांच्या प्रती. या यादीतली प्रत्येक गोष्ट म्हणजे मागच्या सर्व नोंदींची बेरीज आहे. बेरीज दाखवायची आणि आकडे मात्र हरवले म्हणायचे, हा हिशेब कोणत्या दुकानात चालतो? मधली वीस वर्षे नाहीत, पण एकूण तास ४,१२० आहेत, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा तो आकडा नोंद राहत नाही. तो कुणाचा तरी समज असतो.

दुसरे लक्षात घ्यायचे ते या ओळीचे व्याकरण. 'लॉगबुके गहाळ झाली.' कर्ता कोण? मराठीत हे वाक्य जितके निष्पाप वाटते तितकेच इंग्रजीतही वाटते. दोन्हीकडे वस्तू आपोआप नाहीशी होते, तिला नाहीशी करणारा कोणी नसतो. प्रत्यक्षात वह्या नाहीशा होण्याची कारणे पुष्कळ आहेत. हँगर जळते, पूर येतो, मालक वारतो आणि घरातली माणसे जुने कागद रद्दीत घालतात, बिल थकले म्हणून वर्कशॉपवाला वह्या अडकवून ठेवतो. ही निर्दोष किंवा निदान समजण्याजोगी कारणे झाली. पण आणखीही एक कारण आहे. प्रॉपेलर जमिनीला आपटला, चाक मोडून विमान पोटावर बसले, आणि ही गोष्ट विक्रीच्या वेळी अडचणीची ठरणार हे कोणाच्या तरी ध्यानात आले. जळलेले पान आणि फाडलेले पान यांतला फरक रिकाम्या जागेकडे पाहून कळत नाही. प्रामाणिक विक्रेत्याचे मौन आणि लबाड विक्रेत्याचे मौन एकाच अक्षरात लिहिलेले असते. जो बाजार या दोघांनाही सारखीच सूट देतो, तो प्रामाणिकाचे थोडे नुकसान करतो आणि लबाडाला मोठे बक्षीस देतो, कारण ज्याचे सत्य सर्वांत वाईट त्याला ही सूट सर्वांत स्वस्त पडते.

येथे कोणी म्हणेल, सरकारदरबारी काही तरी नोंद असेलच. थोडी असते. ओक्लाहोमा सिटी येथील केंद्रीय दप्तरात प्रत्येक विमानाच्या मालकीचा इतिहास आणि मोठ्या दुरुस्त्यांचे अर्ज मिळतात. अपघातांची माहिती राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या संग्रहात विमानाच्या नोंदणी क्रमांकावरून शोधता येते. जो खरेदीदार हे मागवत नाही त्याने तक्रार करू नये. पण या दप्तराची मर्यादा ओळखली पाहिजे. जमिनीवर प्रॉपेलरच्या पात्यांना झालेली इजा, पंखाच्या टोकाचे किंवा चाकांच्या दांड्यांचे नुकसान हे त्या मंडळाच्या व्याख्येत 'मोठे नुकसान' ठरत नाही. त्यामुळे ते कळवण्याचे बंधन बहुधा येतच नाही. मात्र फिरत्या इंजिनाचा प्रॉपेलर आपटला की धक्का थेट क्रँकशाफ्टपर्यंत जातो. लायकोमिंग इंजिनांच्या बाबतीत तर अशा आघातानंतर क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरची तपासणी २००४ च्या सुरक्षा-आदेशाने सक्तीची केली आहे. प्रॉपेलर बदलला की बाहेरून खूण राहत नाही. सरकारी संग्रहात ती घटना नसते. ती फक्त वहीत असते, आणि वही गहाळ झालेली असते.

तिसरा युक्तिवाद अनुभवी माणसांचा आहे, म्हणून त्याला मान देऊन उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, कागद वाचू नका, विमान वाचा. चांगला मेकॅनिक नेमा, तो खरेदीपूर्व तपासणी करील, धातू खोटे बोलत नाही. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ही स्वायत्ततेची भूमिका झाली. कवितेचा अर्थ कवीच्या चरित्रात शोधू नये, तो कवितेतच शोधावा, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही असते, कारण कवितेचा प्रत्येक शब्द वाचकासमोर उघडा असतो. विमानाचे तसे नाही. लायकोमिंगच्या नेहमीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला असतो. विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते आणि गंज धरतो. सिलिंडरमध्ये दुर्बीण घालून पाहिले तरी तो दिसत नाही. त्यासाठी इंजिन काही प्रमाणात उघडावे लागते. पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे ज्या आडव्या तुळईवर पंख तोललेला असतो ती, सांगाड्याला जेथे बोल्टने जोडलेली असते तेथली भोके बोल्ट काढल्याशिवाय तपासता येत नाहीत. आणि विक्रेता सहसा आपले विमान इतके खोलू देत नाही. धातूला स्मृती असते, प्रत्येक वळण आणि प्रत्येक आदळणे त्यात साठत जाते. परंतु त्याला वाचा नसते. भेग डोळ्यांना दिसू लागते तेव्हा ती फार पुढे गेलेली असते. 'विमान वाचा' हा सल्ला पोथीचे वेष्टन पाहून पाठनिश्चिती करा म्हणण्यासारखा आहे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातील डेटोना बीच येथे एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या एका पायपर पीए-२८ जातीच्या प्रशिक्षण विमानाचा डावा पंख उड्डाणात तुटून वेगळा झाला. विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही मृत्युमुखी पडले. स्पारच्या खालच्या भागात, बोल्टच्या भोकापासून, धातूच्या थकव्याने भेग वाढत गेली होती असे तपासात निष्पन्न झाले. विमान तसे नवे होते, पण त्याचे सात हजारांहून अधिक तास उड्डाण झाले होते आणि ते तास प्रशिक्षणाचे होते: पुन्हा पुन्हा उतरणे, आदळणे, पुन्हा वर जाणे. १९८७ मध्ये टेक्ससमध्येही याच कुळातल्या एका विमानाचा पंख तुटला होता. ते विमान तेलवाहिन्यांच्या पाहणीसाठी जमिनीलगतच्या खडबडीत हवेत वापरले जात असे.

येथे प्रतिपक्षाला एक मुद्दा दिला पाहिजे. डेटोनाच्या विमानाची गोष्ट ही गहाळ वह्यांची गोष्ट नाही. वह्या होत्या, तरी पंख तुटला. मग वह्यांचा उपयोग काय? उपयोग पुढे दिसला. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जानेवारी २०२१ मध्ये जो सुरक्षा-आदेश काढला, तो वाचनाचा एक धडाच आहे. कोणत्या विमानाच्या स्पारची तपासणी करायची हे ठरवताना एकूण तास पुरेसे नाहीत, ते तास कसे गेले हेही कळले पाहिजे. पण 'हे विमान कष्टात गेले' असे कोणी वहीत लिहून ठेवत नाही. तेव्हा आदेशाने एक आडवाट काढली. मोबदला घेऊन माणसे नेणाऱ्या किंवा मोबदला घेऊन शिकवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या विमानांना दर शंभर तासांनी तपासणी सक्तीची असते. खासगी मालकाला ती नसते. म्हणून वहीत शंभर-तासी तपासण्या किती आहेत ते मोजा. तेवढे शेकडे पूर्ण भाराचे तास धरा, आणि उरलेल्या तासांना सतराने भागून त्यांत मिळवा. जे वहीत लिहिलेले नव्हते ते वहीत लिहिलेल्यावरून वाचण्याची ही रीत आहे. एका ठिकाणी दोन माणसे मेली, त्यातून मिळालेले ज्ञान हजारो विमानांपर्यंत पोहोचले ते केवळ लोकांनी कंटाळवाण्या नोंदी जपून ठेवल्या म्हणून.

आणि त्या आदेशाने वह्या नसलेल्यांचे काय केले? तो कोणाला लागू होतो हे सांगताना पाच हजार तास झालेली विमाने आणि जुना स्पार बसवलेली विमाने यांच्याच पंक्तीला आदेशाने आणखी एक वर्ग बसवला: ज्यांच्या देखभालीच्या नोंदी गहाळ किंवा अपूर्ण आहेत अशी विमाने. त्यांना सवलत नाही, सरासरी धरणे नाही, मालकाच्या शब्दावर विश्वास नाही. नोंद नसेल तर वाईटात वाईट गृहीत धरा आणि बोल्ट काढून भोक तपासा. रिकाम्या पानाचा अर्थ कसा लावावा याचे याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही. बाजार त्याच रिकाम्या पानाचा अर्थ 'काही टक्के कमी' असा लावतो.

आता अनुमानाविषयी. हरवलेल्या नोंदी पुन्हा उभ्या करण्याचा मार्ग प्रशासनाने बंद केलेला नाही. जुन्या वर्कशॉपची बिले, मेकॅनिकांच्या स्वतःच्या नोंदी, उड्डाणाचे तास दाखवणारे इतर कागद गोळा करावेत. तरीही पोकळी राहिली तर मालकाने नव्या वहीत, नोटरीसमोर, वह्या हरवल्याचे सांगून आपल्या शोधाच्या आधारे तासांचा उत्तम अंदाज लिहावा, असे त्याचे मार्गदर्शन आहे. सुरक्षा-आदेशांचे पालन झाले की नाही हे ठरवण्यासाठी मात्र बारकाईची तपासणी लागू शकते, हेही त्यात बजावलेले आहे.

आम्हा मराठीच्या माणसांना ही पद्धत परकी वाटू नये. लीळाचरित्राची मूळ पोथी खालशाच्या धाडीत गेली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा जुळवली, असे महानुभाव परंपरा सांगते. पण त्या जुळवलेल्या पाठांना नावे राहिली: हिराइसा पाठ, परशरामबास पाठ, रामेश्वरबास पाठ. हे मूळ नव्हे, अमक्याने आठवलेले आहे, ही ओळख पाठाबरोबर चालत आली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये सुरू करून १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडून पाहावी. जेथे संपादकांची खात्री नव्हती तेथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ आहे. सुकथनकरांसारखा संपादकही आपल्या विद्वत्तेच्या बळावर ती रेघ पुसत नाही. संशय आहे, तर तो छापला जातो आणि पुढच्या प्रत्येक वाचकाला दिसतो.

विमानाच्या बाजारात नेमकी हीच रेघ पुसली जाते. पहिला मालक नोटरीसमोर लिहितो, 'अंदाजे ४,००० तास'. दुसरा मालक त्यापुढे स्वतःचे १२० तास मिळवतो. तिसरा मालक जाहिरातीत लिहितो, 'एकूण तास ४,१२०'. अंदाज कोठे संपला आणि नोंद कोठे सुरू झाली हे आता कोणी सांगत नाही, आणि शेवटच्या एकशे वीस तासांच्या नेमकेपणामुळे आधीचे चार हजारही नेमके भासू लागतात. त्यात अनेक छोट्या विमानांचे तास इंजिनच्या फेरे मोजणाऱ्या यंत्रातील आकड्यांवरून लिहिले जातात; ते यंत्र बदलले की मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि जुना आकडा कोणी टिपून ठेवला नसेल तर तो गेलाच. आपल्याकडे जुनी गाडी घेताना मीटर मागे फिरवला असेल अशी शंका घेण्याइतके शहाणपण सर्वांना असते. येथे मीटर फिरवण्याचीही गरज नाही. एक विशेषण गाळले की काम होते.

विसरण्यालाही परवाना लागतो, ही गोष्ट या कायद्यात फार शहाणपणाची आहे. मागचा इतिहास सोडून देऊन नवी वही सुरू करण्याची मुभा एका परिस्थितीत दिलेली आहे: इंजिन त्याच्या उत्पादकाने किंवा उत्पादकाने मान्यता दिलेल्या संस्थेने पूर्णपणे पुनर्बांधणी केलेले असेल तेव्हाच. आणि तेव्हाही त्या नव्या वहीत पुनर्बांधणीची तारीख, सुरक्षा-आदेशांनुसार केलेले बदल हे सहीनिशी लिहावे लागते. म्हणजे इतिहास पुसायचा असेल तर प्रत्येक भाग नव्याच्या मापाला उतरवून दाखवा, मग पुसा. गहाळ वह्यांचा विक्रेता हे काम न करता तीच मुभा मागतो.

सर्वांत बोचरा आक्षेप शेवटी घेतो. कोणी म्हणेल, ही सगळी श्रीमंतांची नीती आहे. संपूर्ण नोंदी असलेले विमान महाग मिळते. गहाळ नोंदींच्या विमानामुळेच एखादा शिक्षक, एखादा सुतार उडू शकतो. त्याच्या तोंडचा घास काढून घेणारे तुम्ही कोण? शिवाय भरगच्च वह्यांतही खोटे असते. न केलेल्या तपासणीवर सही करणारे मेकॅनिक प्रत्येक देशात सापडतात.

दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे. खोट्या नोंदीखाली एक नाव असते. तिला पकडता येते, परवाना रद्द होतो, इतर नोंदींशी ताडून पाहता येते. रिकाम्या जागेला कोणालाच पकडता येत नाही. पहिल्या भागाचे उत्तर मात्र नीट दिले पाहिजे. असे विमान घेऊच नये, असे येथे म्हटलेले नाही. १९६० च्या दशकातली एक वही नाही, पण त्यानंतरची पन्नास वर्षे अखंड आहेत आणि इंजिन दोनदा उघडले गेले आहे, हा एक प्रकार. शेवटची दहा वर्षे नाहीत, हा अगदी वेगळा प्रकार. खंड कोठे आहे हे पाहिल्याशिवाय बोलणे व्यर्थ. पण खंडामुळे जी सूट मिळाली ती खरेदीदाराची बचत मुळीच नाही. ते विमानाचे देणे आहे. इंजिनच्या ओव्हरहॉलची खातरजमा होत नसेल तर ते इंजिन आयुष्य संपलेले धरावे आणि तो खर्च आधीच बाजूला काढावा. प्रत्येक सुरक्षा-आदेशाचे पालन झालेच नाही असे मानून तपासणी नव्याने करावी. स्पारची भोके उघडावीत. हे सर्व केल्यावर ते विमान स्वस्त राहत नाही, असे आढळेल. मग ते मुळात स्वस्त नव्हतेच. खर्च कोणावर तरी ढकलला होता, इतकेच.

कोणावर ढकलला होता, हाच कळीचा मुद्दा आहे. किंमत दोघांत ठरते, विक्रेता आणि खरेदीदार. जोखीम त्या दोघांत राहत नाही. शेजारच्या आसनावर मालकाची बायको बसते, मागे मुले बसतात. पुष्कळ मालक कर्जाचा हप्ता सुटावा म्हणून आपले विमान उड्डाणशाळेला भाड्याने देतात. तेथे सोळा-सतरा वर्षांचे मूल त्यात एकटे बसून पहिले उड्डाण करते. आपल्याकडची अनेक मुले-मुलीही वैमानिकाच्या परवान्यासाठी फ्लोरिडा, टेक्सस, कॅलिफोर्निया येथील शाळांत जातात, घरच्यांनी जमीन गहाण ठेवून किंवा कर्ज काढून पाठवलेली असतात. सूट ठरली तेव्हा यांतले कोणी खोलीत नव्हते. त्यांना टक्केवारीतला एक पैसाही मिळालेला नसतो. आपला माणूस गुंठाभर जमीन घेतानाही सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतो. मधला एक फेरफार जुळला नाही तर भाव कमी करून देतो म्हणणाऱ्या मालकासमोरून उठून जातो. तेथे जाणार असतो तो फक्त पैसा.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. विक्रेत्याने 'गहाळ झाली' असे लिहू नये. कोणती वही, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची, कोणाच्या ताब्यात असताना, कशी गेली, आणि शोधण्यासाठी कोठे कोठे पत्रे पाठवली हे लिहावे. माहीत नसेल तर माहीत नाही असे सहीनिशी लिहावे. खरेदीदाराने सुटीचा आकडा विचारण्यापूर्वी खंडाच्या तारखा विचाराव्यात. आणि अंदाजाने भरलेला प्रत्येक आकडा, विमान आणखी दहा हातांतून गेले तरी, प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'अंदाजे' या शब्दासहच लिहिला जावा.